टॅसिटसवरचं आजचं संशोधन कसं वाचायचं, नाशिकमध्ये बसून

आमच्या गंगापूर रोडच्या वाचनगटात हा प्रश्न सारखा येतो, की रोमन इतिहासकार टॅसिटस भाषांतरात वाचून झाला, आवडला पण, आता त्याच्यावर आजचे अभ्यासक काय म्हणतायत ते वाचायचंय तर सुरुवात कुठून करायची. मग कोणीतरी सरळ टॅसिटसचा गाजलेला अभ्यासक रोनाल्ड साइम याचे दोन जाडजूड खंड उघडतं आणि तिथेच अडकतं, कारण साइम धरून चालतो की तुम्हाला रोमची सगळी घराणी तोंडपाठ आहेत. म्हणून जी पद्धत आम्हाला उपयोगी पडली ती इथे सविस्तर लिहितोय. एम.ए. हिस्टरीवाल्यांना तर उपयोग होईलच पण नोकरी सांभाळून रात्री वाचणाऱ्यांनाही जमेल अशी आहे.

पद्धत एका वाक्यात अशी: टॅसिटस आणि त्याच्यावर लिहिणारा संशोधक, या दोघांच्या मधे तिसरी एक वस्तू ठेवायची. वस्तू म्हणजे खरोखरची वस्तू, ब्राँझचा कोरलेला पत्रा, पुरलेली हाडं, तोडलेलं लाकूड, नाणी. टॅसिटसने एखादी गोष्ट सांगितलीय, त्याच गोष्टीबद्दल जमिनीतून काहीतरी निघालंय, आणि दोन्हीत फरक आहे. त्या फरकाचं काय करायचं यावरच गेल्या शंभर वर्षांतली बरीचशी भांडणं आहेत. फरक आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की मग कुठल्याही संशोधकाचं पुस्तक वाचताना तो नेमकं काय करतोय ते कळायला लागतं, नाहीतर आपण नुसते त्याच्या मागे मागे माना डोलवत जातो.

आधी पांडवलेणी

हे ऐकून लोक चमकतात पण मी मनापासून सांगतो, रोमच्या इतिहासकाराची तयारी नाशिककरांनी पांडवलेण्यात करावी. मुंबई-आग्रा हायवेवरून आपण रोज जातो, वर चढायला वीसेक मिनिटं. लेणं क्रमांक ३ मधे गौतमी बलश्रीचा मोठा शिलालेख आहे, तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षातला. त्यात ती आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन करते, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने शक-यवन-पह्लवांचा नाश केला, क्षहरातांचा (शकांचं एक घराणं) वंश निःशेष केला. आणि त्याच डोंगरात क्रमांक १० च्या लेण्यात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, त्याने काय काय दान दिलं त्याची यादी. म्हणजे दोन्ही पक्ष एकाच डोंगरावर, चालत पाच मिनिटांच्या अंतरावर.

जाताना भाषांतराची प्रिंट घेऊन जा. एमिल सेनार यांनी हे लेख एपिग्राफिया इंडिकाच्या ८ व्या खंडात वाचन आणि भाषांतरासकट छापलेत, स्कॅन नेटवर मिळतो, आणि त्याआधी भगवानलाल इंद्रजींनी १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमधे याच लेण्यांवर केलेलं काम आजही वाचण्यासारखं आहे. तिथे उभं राहून तीन प्रश्न विचारा: हे कोण बोलतंय, कोणाला ऐकवायला बोलतंय, आणि घटना घडून गेल्यावर किती काळाने बोलतंय. बलश्री ही आई आहे, मुलगा गेल्यानंतर बोलतेय, भिक्षूंना लेणं देताना बोलतेय.

आता तिसरी वस्तू. १९०६ साली जोगलटेंभीला नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर चांदीची नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. म्हणजे आई सांगते ते पोकळ नाही, नहपानाचा पैसा खरंच गौतमीपुत्राच्या हातात आला होता. पण "निःशेष केला" हे नाणी सांगत नाहीत, नाणी फक्त एवढंच सांगतात की सत्ता बदलली. आणि पुढे इ.स. १५० च्या जुनागढच्या लेखात रुद्रदामन, जो शकांच्याच दुसऱ्या घराण्यातला क्षत्रप, तो म्हणतो मी दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं आणि जवळचं नातं म्हणून सोडून दिलं. म्हणजे शक काही संपले नव्हते. लेख, नाणी, दुसऱ्या पक्षाचा लेख, तिघं मिळून जो खेळ होतो तोच खेळ टॅसिटसबाबत खेळायचाय. हे एकदा हायवेवरच्या डोंगरात करून बघितलं की रोम परकं वाटत नाही.

मूळ मजकूर किती वाचायचा

सगळा नको. टॅसिटसबद्दल एवढं डोक्यात असू द्या: जन्म साधारण इ.स. ५६, सिनेटर (रोमच्या वरिष्ठ सभेचा, म्हणजे सिनेटचा सभासद), इ.स. ९७ मधे कॉन्सल (रोमचं मोठं मानाचं पद), पुढे ११२-१३ च्या सुमारास आशिया प्रांताचा गव्हर्नर. म्हणजे सत्तेच्या आतला माणूस. ८१ ते ९६ अशी १५ वर्षं डोमिशियन नावाच्या सम्राटाच्या दहशतीत काढली, त्या काळात त्याची स्वतःची बढती पण होत राहिली, आणि डोमिशियन गेल्यावर टॅसिटस लिहायला लागला. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण निम्मे संशोधक विचारतात की तो टायबेरियस या आधीच्या सम्राटाचं चित्र काढतोय का डोमिशियनचं.

ॲग्रिकोला आणि जर्मानिया ही छोटी पुस्तकं ९८ च्या आसपासची, मग हिस्टरीज, शेवटी ॲनल्स, हे दोन मोठे इतिहासग्रंथ, त्यांच्या प्रत्येक भागाला पुस्तक म्हणतात. आपल्याकडे आलंय ते अर्धवट: ॲनल्सची ७ ते १० पुस्तकं पूर्ण गेली, पाचव्याचं बरंचसं गेलं, अकराव्याची सुरुवात गेली, सोळाव्याचा शेवट गेला. पहिली सहा पुस्तकं एकाच हस्तलिखितावर टिकलीत आणि ११ ते १६ दुसऱ्या एका हस्तलिखितावर, दोन्ही फ्लॉरेन्सच्या लॉरेंशियन लायब्ररीत आहेत. पहिली सहा पुस्तकं छापून बाहेर यायला १५१५ साल उजाडलं. ही दोन हस्तलिखितं जळाली असती तर आपण टायबेरियस आणि नीरो या सम्राटांबद्दल आज जे बोलतो त्यातलं कितीतरी बोललोच नसतो, हा विचार आला की मला खरंच कसंतरी होतं.

सुरुवातीला वाचायचं ते एवढंच: ॲनल्सचं पहिलं पुस्तक पूर्ण, तिसऱ्या पुस्तकाचे पहिले १९ परिच्छेद, अकराव्या पुस्तकाचे २३ ते २५, आणि पंधराव्याचे ३८ ते ४४. भाषांतर कुठलं? चर्च आणि ब्रॉड्रिब यांचं जुनं भाषांतर पर्सियस या वेबसाइटवर फुकट आहे, लोएब मालिकेतलं लॅकस कर्टियस या वेबसाइटवर आहे, दोन्ही चालतील. विकत घेणार असाल तर पेंग्विनमधलं सिंथिया डेमन यांचं २०१२ चं घ्या, वाचायला वेगवान आहे. टॅसिटसचा खडबडीतपणा इंग्रजीत अनुभवायचा असेल तर वुडमन यांचं २००४ चं, ते मुद्दाम अवघड ठेवलंय. मी म्हणेन दोन भाषांतरं शेजारी उघडी ठेवा, जिथे दोघं वेगळं बोलतील तिथे मूळ लॅटिनमधे काहीतरी वाकडं आहे आणि बहुतेक वेळा संशोधकांचा वाद पण तिथेच असतो.

एक सवय लगेच लावून घ्या, पान नंबर लिहायचा नाही, पुस्तक आणि परिच्छेद लिहायचा. ३.१४ म्हणजे तिसरं पुस्तक चौदावा परिच्छेद. सगळं जग असंच लिहितं, आणि कुठल्याही पुस्तकाच्या मागे बघाल तर उद्धृत उताऱ्यांचा वेगळा इंडेक्स असतो, त्यात ३.१४ शोधलं की तो लेखक त्या परिच्छेदावर कुठे कुठे बोललाय ते अर्ध्या मिनिटात सापडतं. सहाशे पानी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरजच नाही, या इंडेक्समधून आत शिरा.

पहिली वस्तू: ल्योनचा पत्रा

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात सुंदर उदाहरण हे आहे, इथे घाई करू नका.

इ.स. ४८ मधे सम्राट क्लॉडियसने सिनेटमधे भाषण केलं, की गॉलमधल्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या) बड्या लोकांना रोमच्या सिनेटमधे येऊ द्या. टॅसिटस हे भाषण ११.२४ मधे देतो. आणि १५२८ साली फ्रान्समधे ल्योनला एका टेकडीवर ब्राँझचा पत्रा सापडला ज्यावर खुद्द क्लॉडियसचं भाषण कोरलेलं. सम्राट काय बोलला ते आणि इतिहासकाराने काय लिहिलं ते, दोन्ही आपल्या हातात! प्राचीन जगात हे जवळपास कधीच होत नाही.

दोन्हींची प्रिंट काढा, शेजारी ठेवा, पेन्सिल घ्या, अजून कुठल्याही संशोधकाचं काही वाचू नका. पत्र्यावरचा क्लॉडियस रोमच्या जुन्या राजांपासून सुरू करतो, कोण बाहेरून आला, कोणाचा बाप कोरिंथचा, सर्व्हियस टुलियसला इटलीतले प्राचीन एट्रुस्कन लोक काय म्हणायचे, यात तो रमून जातो, कारण हा माणूस स्वतः इतिहासाचा अभ्यासक होता आणि एट्रुस्कनांवर त्याने ग्रंथ लिहिला होता. मधेच स्वतःलाच हाक मारून म्हणतो की आता मुद्द्यावर ये. टॅसिटसचा क्लॉडियस असा भरकटत नाही. तो आपल्या साबाइन पूर्वजापासून सुरू करतो, स्पार्टा आणि अथेन्स जिंकलेल्यांना परकं मानत राहिले म्हणून बुडाले हे सांगतो, आणि शेवटी म्हणतो की आज आपण जुन्या दाखल्यांच्या आधारे जे करतोय ते उद्या स्वतःच दाखला होईल. भाषण छोटं, टोकदार, आणि त्याच्याआधी २३ व्या परिच्छेदात विरोधकांचं म्हणणं पण टॅसिटसने मांडून ठेवलंय, त्यामुळे उत्तर जास्तच लागतं.

तुमच्या कागदावर तीन रकाने करा: दोन्हीकडे असलेलं, फक्त पत्र्यावर असलेलं, फक्त टॅसिटसमधे असलेलं. आणि तिसरा रकाना भरताना जपून, पत्र्याचा वरचा भाग गेलेला आहे, त्यामुळे "हे क्लॉडियस बोललाच नव्हता" असं म्हणताना हात आखडता घ्यावा लागतो.

हे झालं की मगच संशोधक उघडा. साइमचं म्हणणं की टॅसिटसने सिनेटची इतिवृत्तं स्वतः चाळली होती आणि हा त्याचा एक चांगला पुरावा. मिरियम ग्रिफिन यांचा १९८२ चा क्लासिकल क्वार्टरलीतला लेख याच जोडीवर आहे, आणि त्यांचा भर यावर आहे की टॅसिटस नंतरच्या काळातून मागे बघतोय, त्याच्या काळापर्यंत प्रांतातले लोक सिनेटमधे स्थिरावले होते, म्हणून त्याला क्लॉडियसच्या मुद्द्याचं महत्त्व क्लॉडियसपेक्षा जास्त स्वच्छ दिसतं. तुमचे तीन रकाने समोर असतील तर हा लेख वाचताना तुम्ही प्रत्येक पानावर हो किंवा नाही म्हणू शकता, आणि तेच हवंय.

दुसरी वस्तू: पिसोचा खटला

जर्मॅनिकस हा टायबेरियसचा पुतण्या आणि दत्तक मुलगा, लोकांचा लाडका, इ.स. १९ मधे अँटिओकला मेला, आणि विषप्रयोगाचा संशय सीरियाचा गव्हर्नर पिसो याच्यावर आला. रोममधे सिनेटपुढे खटला चालला, निकालाआधीच पिसो गळा कापलेल्या अवस्थेत सापडला. ॲनल्स ३.१० ते ३.१८ वाचा, थरारकच आहे.

मग १९८० च्या दशकाच्या शेवटाकडे दक्षिण स्पेनमधे ब्राँझचे पत्रे निघायला लागले, एकाच मजकुराच्या अनेक प्रती, आणि १९९६ मधे वेर्नर एक, अंतोनियो काबायोस आणि फेर्नांडो फेर्नांडेझ यांनी ते व्यवस्थित छापले. निघालं काय तर पिसोबद्दलचा सिनेटचा मूळ ठराव, तारीख १० डिसेंबर इ.स. २०. त्यातच लिहिलंय की हा ठराव प्रत्येक प्रांतातल्या सगळ्यात वर्दळीच्या शहरात आणि प्रत्येक लष्करी छावणीत लावावा. म्हणजे हे सरकारी निवेदन आहे, लोकांना काय वाटावं ते ठरवणारं. सम्राटाच्या घराण्याचं कौतुक, सैनिकांचं कौतुक, सिनेटचं स्वतःचं कौतुक. इथे बलश्रीच्या लेखासमोर विचारलेले तीन प्रश्न पुन्हा विचारा, जसेच्या तसे लागू पडतात.

तुलना करताना हे मुद्दे धरा. विषाचं काय झालं? टॅसिटस ३.१४ मधे म्हणतो विषाचा आरोप तेवढा खोडून निघाला असं वाटलं. ठराव एवढंच म्हणतो की आपल्या मरणाला पिसो कारण आहे असं जर्मॅनिकसने स्वतः सांगितलं होतं, विषाचं नावच नाही. पिसोची बायको प्लँसिना सुटली ती टायबेरियसच्या आईच्या रदबदलीमुळे, हे दोघंही सांगतात, पण ठरावात तो सन्मान आहे आणि टॅसिटसमधे ती लाज आहे. घटना एक, सूर दोन. आणि तारीख! टॅसिटस खटला संपवून मग टायबेरियसचा मुलगा ड्रुसस याच्या विजयप्रवेशाचं सांगतो, आणि तो दुसऱ्या एका कोरीव नोंदीनुसार २८ मे रोजी झाला. मग ठराव डिसेंबरचा कसा? काही संशोधक म्हणतात खटला वसंतातच झाला, ठराव उशिरा निघाला, काही म्हणतात खटलाच वर्षाच्या शेवटी झाला आणि टॅसिटसने कथेच्या सोयीसाठी क्रम हलवला. माझं स्वतःचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण पहिल्या बाजूचे लोकही तगडे आहेत आणि त्यांना वाचल्याशिवाय मत बनवू नका.

वाचायला काय? अमेरिकन जर्नल ऑफ फिलॉलॉजीचा १९९९ चा पहिला अंक पूर्णपणे याच ठरावावर आहे, त्यात लॅटिन मजकूर आहे, इंग्रजी भाषांतर आहे, आणि टॅसिटसच्या निवेदनशैलीवर डेमन यांचा लेख आहे. हा एक अंक नीट वाचलात तर मी म्हणेन टॅसिटसवरच्या संशोधनात तुमचा पाय रोवला गेला.

आता साइम

एवढं झाल्यावर साइम उघडा, आता तो बोलेल तुमच्याशी. रोनाल्ड साइम, न्यूझीलंडमधे १९०३ चा जन्म, ऑक्सफर्डला प्राध्यापक, टॅसिटस हा दोन खंडी ग्रंथ १९५८ चा, मागे ९५ परिशिष्टं. त्याची पद्धत माणसांच्या जाळ्याची: कोण कोणाचा जावई, कोण कुठल्या प्रांतातला, कोणाला कोणामुळे पद मिळालं. नाशिकच्या सहकारी बँकांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या निवडणुका जवळून बघितलेल्या माणसाला साइम समजायला अजिबात जड जात नाही. आणि त्याचं मुख्य म्हणणं असं की टॅसिटस हा मेहनती, कागदपत्रं बघणारा, सत्तेचं आतलं गणित कळणारा इतिहासकार आहे, विश्वास ठेवावा असा. हे लक्षात ठेवा की साइमला टॅसिटस मनापासून आवडतो, तो लिहितो पण त्याच्यासारखंच, तुटक, धारदार. १९३९ मधे त्याने रोमन क्रांतीवर पुस्तक लिहिलं तेव्हा समोर युरोपातले हुकूमशहा होते. म्हणजे साइमलाही "कोण, कोणासाठी, कधी" हे विचारायचंच.

सगळा वाचू नका. इंडेक्समधून पिसो आणि ल्योन शोधून ती पानं वाचा, मग साधनांवरची प्रकरणं. गंमत म्हणजे साइमने हे लिहिलं तेव्हा पिसोचा ठराव जमिनीतच होता, तो बाहेर यायला अजून तीसेक वर्षं होती. त्यामुळे साइमचे अंदाज नंतरच्या पुराव्याशी ताडून बघता येतात, कुठे टिकले कुठे डळमळले ते तुम्ही स्वतः मांडा. एवढी चांगली संधी क्वचित मिळते.

आणि मग वुडमन, हाडांसकट

साइमच्या नंतर वारं फिरलं. टी. पी. वाइझमन यांचं १९७९ चं आणि ए. जे. वुडमन यांचं १९८८ चं पुस्तक, यांनी ठासून मांडलं की प्राचीन लोकांसाठी इतिहासलेखन हे वक्तृत्वाचंच भावंड होतं, थोडा कणा खरा असायचा आणि त्यावर लेखकाने पटेल असं मांस चढवायचं, यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. वुडमन यांचा १९७९ चा एक लेख तर मुळातून हादरवणारा आहे. ॲनल्स १.६१ आणि त्याच्या पुढे जर्मॅनिकस जंगलात जातो, जिथे सहा वर्षांपूर्वी इ.स. ९ मधे रोमन सेनापती व्हारसची तीन लिजनं (सैन्यदलं) कापली गेली होती, तिथे पांढरी पडलेली हाडं, झाडांना ठोकलेल्या कवट्या, सैनिक ती हाडं पुरतात. वुडमन म्हणतात हा प्रसंग टॅसिटसने स्वतःच्याच हिस्टरीज २.७० वरून उचललाय, तिथे सम्राट व्हिटेलियस क्रेमोनाजवळचं रणांगण बघायला जातो. दोन्ही उतारे शेजारी ठेवून बघा, साम्य खरंच आहे.

पण आता तिसरी वस्तू. १९८७ पासून उत्तर जर्मनीत कालक्रीझला रोमन लढाईचे अवशेष सापडायला लागले, आणि पुढे उत्खननात असे खड्डे निघाले ज्यात माणसांची आणि खेचरांची हाडं एकत्र पुरलेली, आणि हाडांच्या अवस्थेवरून दिसतं की ती पुरण्याआधी काही वर्षं उघड्यावर पडून होती. टॅसिटस म्हणतो तशी सहा वर्षांनी पुरलेली हाडं जमिनीत सापडणार असती तर अशीच सापडली असती. आता सांगा, वुडमन हरले का? मला नाही वाटत. दफन झालं हे हाडं सांगतात (आणि कालक्रीझ म्हणजेच व्हारसची जागा का, यावरही वाद चालू आहे), पण कवट्या झाडाला ठोकल्या होत्या, सैनिकांना काय वाटलं, वाचलेले लोक जागा दाखवत कसे फिरले, हे हाडं सांगत नाहीत, आणि वुडमन यांचं बोट नेमकं तिथे आहे. कणा खरा, मांस कोणाचं? जोगलटेंभीची नाणी आणि "निःशेष" यांच्यात जी फट होती तीच फट ही.

वुडमन-वाइझमन यांच्या विरोधात जे. ई. लेंडन यांचा २००९ चा निबंध आहे, रोमन इतिहासकारांवरच्या केंब्रिज कंपॅनियनमधे, तो जवळपास भांडणच आहे, की तुम्ही साहित्यवाल्यांनी इतिहासकारांतला इतिहासच काढून टाकला. वुडमन आणि लेंडन पाठोपाठ वाचा, एकाच आठवड्यात, म्हणजे दोघांचा आवाज कानात राहतो.

ॲग्रिकोलासाठी पण अशी वस्तू आहे, थोडक्यात सांगतो. टॅसिटसने सासऱ्याच्या चरित्रात उत्तर ब्रिटनमधल्या विजयाचं श्रेय सासऱ्याला दिलं, पण कार्लाइलच्या रोमन किल्ल्याचं लाकूड वर्षवलयांवरून इ.स. ७२-७३ च्या हिवाळ्यात तोडलेलं निघालं, म्हणजे ॲग्रिकोला गव्हर्नर व्हायच्या काही वर्षं आधी. जावई लिहितोय हे विसरू नका.

मिळवायचं कुठून, नोंदी कशा ठेवायच्या

पैसे फार लागत नाहीत. जेस्टोर या संशोधन-लेखांच्या वेबसाइटवर साधं खातं उघडलं की दरमहा ठराविक लेख ऑनलाइन फुकट वाचता येतात, वर सांगितलेले बरेचसे लेख तिथे आहेत. ब्रिन मॉर क्लासिकल रिव्ह्यू (पुस्तक-परीक्षणांचं ऑनलाइन जर्नल) १९९० पासूनचा सगळा फुकट आहे, आणि नियम करा की कुठलंही पुस्तक वाचायच्या आधी त्याचा तिथला रिव्ह्यू वाचायचा, दहा मिनिटांत कळतं की पुस्तक कोणाशी भांडतंय. कॉलेजात असाल तर लायब्ररीच्या ऑनलाइन लॉगिनची चौकशी करा, मुक्त विद्यापीठवाल्यांनी पण करा. जर्मन लेख असेल तर मशीन भाषांतर मुद्दा कळण्यापुरतं चालतं, पण त्यावरून उद्धृत करू नका. आणि सलग तीन तास शांतपणे बसायचं असेल तर १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय आहेच, मोबाईल बॅगेत टाकायचा.

कमेंटरी (परिच्छेदागणिक टीपा देणारं पुस्तक) नावाचा प्रकार घाबरवतो पण तोच सगळ्यात उपयोगी आहे. ॲनल्सच्या तिसऱ्या पुस्तकावर वुडमन आणि मार्टिन यांची १९९६ ची, चौथ्यावर मार्टिन आणि वुडमन यांची १९८९ ची, पंधराव्यावर ऱ्हियानन ॲश यांची २०१८ ची. लॅटिन येत नसलं तरी उघडा, तुमचा परिच्छेद क्रमांक शोधा, तिथे आजवरचे वाद दोन-चार ओळींत दिलेले असतात आणि पुढे कोणाला वाचायचं त्याची नावं पण. लॅटिन शिकायची इच्छा झाली तर फारच छान, पण ती झाली नाही म्हणून थांबू नका.

नोंदी मराठीत काढा, हे मी आग्रहाने सांगतो. इंग्रजीतून इंग्रजीत नोंद काढली की वाक्य उतरवलं जातं, मराठीत काढायची म्हटली की आधी समजून घ्यावंच लागतं. प्रत्येक लेखासाठी अर्धं पान: लेखकाचा प्रश्न काय, तो कुठल्या परिच्छेदावर उभा आहे, तिसरी वस्तू कुठली वापरतो आणि कुठली वापरत नाही, आणि मला काय पटलं नाही. शेवटचा मुद्दा रिकामा राहिला तर लेख पुन्हा वाचा.

वस्तू नसेल तेव्हा

इथवर आलात की मुद्दाम असा वाद घ्या ज्यात मधे ठेवायला वस्तूच नाही. ॲनल्स १५.४४, इ.स. ६४ ची रोमची आग, आणि नीरोने दोष ख्रिश्चनांवर ढकलून त्यांना क्रूरपणे मारलं हा परिच्छेद. ब्रेंट शॉ यांनी २०१५ मधे जर्नल ऑफ रोमन स्टडीजमधे मांडलं की आगीसाठी ख्रिश्चन म्हणून कोणाचा छळ त्या वेळी झालाच नाही, टॅसिटसने स्वतःच्या काळातली, म्हणजे पन्नासेक वर्षांनंतरची समजूत मागे नेऊन बसवली. ख्रिस्तोफर जोन्स यांनी २०१७ मधे उत्तर दिलं की छळ झाला होता, आणि शॉ यांनी पुढच्या वर्षी पुन्हा प्रत्युत्तर दिलं.

इथे ना पत्रा आहे ना हाडं. मग तोलायचं कशावर? आत्तापर्यंत जे जमवलं त्यावर. ल्योनच्या पत्र्यावरून आपल्याला माहीत आहे की टॅसिटस नंतरच्या अनुभवातून जुनी गोष्ट पुन्हा रचतो, हे शॉ यांच्या बाजूने जातं. पिसोच्या ठरावावरून माहीत आहे की घटनेचा गाभा, माणसं आणि निकाल तो सहसा बरोबर देतो, सूर आणि क्रम बदलला तरी, आणि हे जोन्स यांच्या बाजूने जातं. दोघांचे लेख घ्या, प्रत्येक दाव्यापुढे समासात लिहा की हा ल्योनसारखा बदल मागतोय का पिसोसारखा, आणि ज्या दाव्याला टॅसिटसने यापैकी कुठेच न केलेली गोष्ट इथे केली असं मानावं लागतं त्याच्यापुढे फुली मारा. मग फुल्या मोजू नका, कुठली फुली सगळ्यात जड आहे ते बघा आणि त्या एका फुलीवर पानभर लिहा, लिहून झालं की गटात आणा.